बेचाळीस पायऱ्यांचे अंदाजपत्रक

कोल्हापूर,
दि. ४ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप मामांच्या चरणी,
नीलांबिकेचा शि. सा. न. वि. वि.

प्रथम क्षमा मागते. आपण पाठवलेल्या इंग्रजी अंदाजपत्रकाचे मराठी करून द्यावे, एवढीच आपली आज्ञा होती. भाचीने मत कळवावे, असे आपण कुठेही म्हटले नव्हते. भाषांतर सोबत जोडले आहे. मत मागे ठेवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ते राहीना.

मुलींच्या नव्या वसतिगृहातील आगीच्या बंदोबस्ताचा खर्च अडतीस हजार, हे वाचून आपण कमिटीत म्हणालात की, यंदा वसतिगृह उघडणे नाही, पुढच्या वर्षी पाहू. आपण अध्यक्ष, आपला शब्द शेवटचा. परंतु आमची धाकटी रत्नव्वा यंदा दहावीला बसते आहे. आत्याच्या दोन खोल्यांत मी एकटीच कशीबशी मावते. वसतिगृह जूनमध्ये उघडले, तरच अप्पा तिला कोल्हापूरला कॉलेजात पाठवतील. नाहीतर हातकणंगल्याचे एक स्थळ त्यांनी मनात धरले आहे. पुढच्या वर्षी आपल्याकडे रत्नव्वाचा प्रवेशअर्ज नव्हे, लग्नपत्रिका येईल.

कंत्राटदार भरमाप्पा म्हणतात, लोखंड महागले. ते खरेच आहे. तथापि कागद तीनदा वाचल्यावर मला असे दिसले की, खर्च लोखंडाच्या भावापेक्षा माणसे किती उंचावर झोपतात, यावर अधिक अवलंबून आहे. चाळीस मुली सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणून पाणी तिथवर जोराने चढवणारा मोठा पंप. जिन्याला रात्री कुलूप आणि खिडक्यांना गज, म्हणून बाहेरून दुसरा लोखंडी जिना. शिवाय वास्तुशास्त्राप्रमाणे स्वयंपाकघर आग्नेयेला आणि टाकी ईशान्येला. तेव्हा आग आणि पाणी यांची भेट घडवायला नव्वद फूट नळ. तळमजल्यावर मात्र कमिटीचे सभागृह आहे. ते वर्षातून चार वेळा उघडते. तिथे आग लागलीच, तर पळायला बहुधा कोणी नसेल.

याहून अधिक धाडस होत नाही. आपला लोभ आजवर आहे; हे पत्र वाचून झाल्यावरही उरावा, ही विनंती.

आपली,
नीलांबिका


गडहिंग्लज,
दि. १२ फेब्रुवारी

चि. नीलव्वा हीस अनेक आशीर्वाद.

मी बोलतोय, दिवाणजी लिवत्यात. त्यांनी सुधारून लिवायचं न्हाय, अशी ताकीद हाय.

तुझं पत्र चार तारखेचं, मला पोचलं अकराला. गडहिंग्लज काय विलायतेत हाय व्हय? टपालवाल्याला धरणार हाय मी. ह्यापुढं पेटीत टाकल्याची तारीख आन् तास लिवत जा.

आता मुद्द्याचं. पोरगी बसती मान खाली घालून, आन् लिवती मात्र मान वर काढून! सभागृहात कोण नसतंय म्हणं. आगं, आमच्या खुर्च्या असत्यात की! पोरी वर का ठेवल्या? रस्त्यावरनं कुणी डोकावू नये म्हणून. कुलूप का? आईबापांस्नी झोप लागावी म्हणून. तुझ्या अप्पानंच पहिल्यांदा इचारलं, कुलूप हाय का. आन् आम्ही म्हाताऱ्यांनी बेचाळीस पायऱ्या चढून मीटिंगला जायचं? माझा गुडघा तू बघितलायस.

भरमाप्पा म्हणतोय, पंप आन् आगीची घंटा काढून टाकू, नुसत्या वाळूच्या बादल्या टांगू, निम्म्यात बसवतो. तुझं काय ते सरळ सांग. फिजिक्स शिकतीस, कोडी घालाय न्हाय.

मामी सांगती, वाचत वाचत जेवू नकोस. जेवताना ताटाकडं बघ.

तुझा मामा,
चनबसाप्पा


कोल्हापूर,
दि. १६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

टपालवाल्याला कृपया धरू नये. तो निर्दोष आहे. माझे पत्र धैर्याअभावी पाच दिवस भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच होते.

सरळ सांगण्याची आज्ञा आहे, म्हणून सांगते. मुली खाली आणाव्यात व सभागृह वर न्यावे. खोल्यांची दारे आतल्या चौकात उघडावीत, म्हणजे रस्त्यावरचे कोणी डोकावणार नाही; आणि कडी आतून असावी. पंप लहान चालेल, बाहेरचा जिना लागणार नाही. गिलावा अजून व्हायचा आहे; नळ आताच भिंतीत गेले, तर पुढे फोडाफोडीचे पैसे वाचतील. घंटा मात्र कापू नये. बादलीला हाक मारता येत नाही.

आपल्या गुडघ्याविषयी मला खरोखर काळजी आहे. तो वर्षातून चार वेळा दुखेल. पण बेचाळीस पायऱ्या आपण मोजल्यात, त्या कुलूप लागलेले असताना कधी उतरून पाहिल्यात का? आमच्या विषयात अनुमानापेक्षा प्रयोगाला मान आहे.

आगाऊपणाबद्दल रागवावे, अबोला मात्र धरू नये.

आपली,
नीलांबिका

(पेटीत टाकले: दि. १८, सकाळी साडेनऊ. दोनच दिवस लागले.)


गडहिंग्लज,
दि. २८ फेब्रुवारी

चि. नीलव्वा हीस आशीर्वाद.

प्रयोग केला. तुला खोटं पाडाय गेल्या आठवड्यात कोल्हापूरला गेलतो. वरच्या मजल्यावर चढलो, भरमाप्पाला म्हटलं, खालनं जिन्याला कुलूप घाल, मी आग आग वरडलो की उघड. त्यानं घातलं. तेवढ्यात त्याला कुणी मिसळ खायाला बोलावलं, आन् गडी किल्ली खिशात घालून गेला की!

मी गजाला धरून आग आग वरडतोय. खालनं गुळाची गाडी चाललेली. गाडीवान वर बघून म्हणतोय कसा, पावणं, धूर तर दिसंना! आन् गेला फुडं. घसा बसला. तवा तुझ्या घंटेची आठवण झाली. सव्वा तासानं भरमाप्पा आला, मिशीला तर्री लागलेली. कमिटीचा अध्यक्ष हाय म्हणून नुसता बोललो, न्हायतर हाणला असता. तुमच्याकडं यायला त्वांड न्हवतं, तसाच यष्टीनं परतलो.

पंचवीस रुपयांचं कुलूप, नीलव्वा, आन् त्याच्यापायी हजारोंचा जिना! इंजिनेराकडनं कागद नवा करून घेतला, साडेपंधरा हजारात बसलं. पोरी खाली, आम्ही वर. कमिटीत गुडघे सगळ्यांचेच दुखाय लागले, पण मी सव्वा तासाची गोष्ट सांगितल्यावर सगळ्यांनी हात वर केले. घंटा हाय. कडी आतनं. टाकी ईशान्येलाच ऱ्हाणार. त्या नव्वद फुटाचे पैसे माझ्या खिशातनं. तुझ्या अप्पाच्या घरी मी सवता जाऊन आलो. हातकणंगलेकरांना थांबा म्हणून कळवलंय. जूनमधी उघडणार. रत्नीचा अर्ज धाड, पयलं नाव तिचं.

तुझा मामा,
चनबसाप्पा


कोल्हापूर,
दि. २ मार्च १९७९, दुपारी पावणेचार

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आपले पत्र आत्ताच आले. आत्या विचारते आहे, मी एकटीच का हसते आणि डोळे का पुसते. रत्नव्वाचा अर्ज सोबत आहे. तिने तो जानेवारीतच भरून माझ्याकडे ठेवला होता.

सभागृहाच्या पहिल्या बैठकीस वर जाताना जिन्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, एवढीच विनंती. बाकी लोभ आपण सव्वा तास गजाला धरून सिद्ध केलाच आहे.

आपली,
नीलांबिका

पेटीपाशी उभी राहून लिहिते: टाकले, दि. २ मार्च १९७९, दुपारी चार वाजून पाच मिनिटे.