जागेवर काय आहे

राणीसावरगाव,
ज्येष्ठ वद्य ४, शके १८६०

ती. सौ. अक्का हिच्या सेवेशी,
धाकट्या शिवमूर्तीचा शरणार्थ. वि. वि.

इकडे आप्पा, नागुआत्या आणि मी खुशाल आहोत. आत्याचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण आत्यापेक्षा कमीच.

पत्र लिहिण्यास कारण की, मागच्या हंगामात मी कापसावरची एक अळी बाटलीत घालून वर्गात ठेवली होती. आमच्या पोरांना अळी ओळखायला शिकवावं लागत नाही, पण तिचं पाखरू होतं हे एकालाही ठाऊक नव्हतं. पाखरू निघालं त्या दिवशी ढोरांमागे जाणारी मुलंसुद्धा खिडकीशी गोळा झाली. तेव्हापासून शाळेला बाग हवी हे माझ्या डोक्यातून जात नाही. पण शाळेखाली सगळा मुरूम, तिथे कुसळही उगवत नाही.

दाजींच्या दफ्तरातून यंदा शाळांच्या बागांना सरकारी मदत मिळणार आहे. कुंपण, मोट, अवजारं, बियाणं, सगळं. अट एवढीच, की पाण्याची जागा शाळेच्या नावे हवी आणि मंजुरी दसऱ्याच्या आत, फसली साल संपण्यापूर्वी व्हावी. शाळेला लागून पाण्याची जागा एकच, आपली विहिरीकाठची सतरा गुंठे. तीन वर्षांपूर्वी अव्वाला तिथेच माती दिली. समाधीच्या ओट्याशी आप्पांनी लावलेला बेल आता माझ्या खांद्याला आला आहे.

दरख्वास्तीत ‘जागेवर काय आहे’ असा रकाना आहे. दाजींना तिथे ‘काही नाही’ असं लिहायला सांग. समाधी आहे म्हटलं की कागदी घोडे नाचत राहतील आणि साल संपेल. ओट्याला मी धक्का लागू देणार नाही, हे तुला सांगायला नको. जागा आप्पांच्या नावे, म्हणून त्यांच्या सहीला नक्कल येईल. त्याआधी मी त्यांना समजावतो.

दाजींना शरणार्थ, मुलांना पापे. माया आहेच, ती असू दे. पण आधी उत्तर पाठव.

तुझा
शिवमूर्ती


परभणी,
ज्येष्ठ अमावास्या

चि. शिवमूर्तीस चन्नबसम्माचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या दाजींनी दरख्वास्त लिहून कागद पुढे पाठवला. त्यांच्या उर्दू अक्षराचं दफ्तरात कौतुक आहे, आणि ते आम्हाला घरी रोज ऐकावं लागतं. पण त्या रकान्यापाशी त्यांनी दोनदा कलम थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. लिहा, असं मीच म्हणाले. तेव्हापासून भाकरी थापताना मधेच माझा हात थांबतो. आपल्या आईच्या जागी काही नाही असं लिहिताना आपण दोघांनी थोडा विचार करायला हवा होता.

तू आप्पांना आजच सांग. उद्या सांगतो म्हणशील तर कधीच सांगणार नाहीस, मी तुला ओळखते. विहिरीत बादली पडली तेव्हा चार दिवस गप्प होतास आणि मार मी खाल्ला होता. ही बादली त्याहून जड आहे.

धाकटीला गोवर येऊन गेला, आता बरी आहे. मला झोप लागत नाही एवढंच. आत्याला नमस्कार. मन मोकळं करून लिहीत जा, थोडकं लिहू नकोस.

तुझी
अक्का


राणीसावरगाव,
आषाढ वद्य २

चि. सौ. चन्नबसम्मा हिस चन्नप्पाचे आशीर्वाद.

सहीसाठी नक्कल आली. मी तीस वर्षं अडतीत बसून उर्दू पावत्या वाचल्या, हे तुझा भाऊ विसरला. जागेवर काय आहे, तर काही नाही. अक्षर जावईबापू कल्याणरावांचं आहे. सुरेख आहे.

तुझ्या अव्वाने त्या विहिरीचं पाणी एकवीस वर्षं ओढलं. दर सोमवारी मी बेलाला एक कळशी घालतो, ती कुणासाठी घालतो असं तुम्हाला वाटतं ते ठाऊक नाही. मी त्याला एवढंच विचारलं, की तुझी माय म्हंजे काहीच न्हाई का. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. निरोप नागुबाईमार्फत जातात आणि ती त्यात आपल्या पदरचं घालते.

शाळेला बाग नको असं माझं म्हणणं नाही. पोरगा तळमळतो ते मलाही दिसतं. पण मास्तर आज इथे, उद्या त्याचा तबादला होईल. त्याच्या मागून येणाऱ्याला त्या ओट्याचं काय? तो तिथे मिरच्या लावील, आणि त्याचा दोषही नसेल, कारण कागदावर तिथे काही नाही. सही केलेली नाही. नक्कल फडताळात ठेवली आहे.

बाळांना जप. तुझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही, राग मात्र आहे.

चन्नप्पा


परभणी,
श्रावण शुद्ध ११

ती. आप्पा आणि चि. शिवमूर्ती,
एकाला शरणार्थ, दुसऱ्याला आशीर्वाद.

एका छपराखाली राहून तुम्ही दोघे परभणीमार्गे बोलता, म्हणून दोघांना मिळून हे एकच पत्र. ज्याच्या हाती पडेल त्याने दुसऱ्याला वाचून दाखवावं. आत्याला अक्षर येत नाही, तेव्हा पळवाट नाही.

आप्पा, शिवमूर्तीने तसं लिहायला सांगितलं हे खरं. पण यांनी कलम थांबवली होती, आणि लिहा असं मीच म्हणाले. मला वाटलं, एक रकाना तर आहे. तुम्हाला किती लागेल हे मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं. शिक्षा करायची तर मला करा. कुणाला बोल लावू? आपलेच दात, आपलेच ओठ.

आता दुसरी काळजी. सही नसली तरी भाद्रपदात गणपती झाले की मोठे साहेब जागेच्या पाहणीला, मुआयन्याला येणार आहेत. अक्षर कुणाचं, हे त्यांना पाहताक्षणी कळेल. यांची चौदा वर्षांची नोकरी आहे. हे मला काही म्हणत नाहीत, पण रोज अर्धी भाकर ताटात सोडून उठतात.

दोघांनी मिळून काय ते ठरवा. एकमेकांवर माया ठेवा, मग थोडी माझ्यावरही ठेवा.

चन्नबसम्मा


राणीसावरगाव,
भाद्रपद वद्य ८

ती. सौ. अक्का हिच्या सेवेशी,
शिवमूर्तीचा शरणार्थ.

तुझं पत्र आप्पांच्या हाती पडलं. त्यांनी मला समोर बसवून वाचायला घेतलं. लिहा असं मीच म्हणाले, इथवर आले आणि चष्मा पुसत बसले. पुढचं मी वाचलं. तेवढंच आमचं बोलणं झालं.

साहेब परवा घोड्यावरून आले. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरले होते. सगळी जागा पाहून बेलापाशी थांबले आणि हे काय म्हणून त्यांनी विचारलं. आप्पा विहिरीच्या कठड्याशी उभे होते. सही केली नाही एवढं ते सांगू शकले असते, पण त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा मीच म्हणालो की ही माझी आई आहे. कागदात काही नाही असं लिहवून घेतलं ते मी, लिहिणाऱ्याकडे दोष नाही.

साहेब ओरडले नाहीत. हा कागद खोटा आहे, तो घेता येत नाही, दाजींची चौकशी करणार नाही, असं म्हणाले. द्यायचीच असेल तर ज्याची जमीन त्याने खरी दरख्वास्त साल संपायच्या आत द्यावी. मग विहिरीचं पाणी पिऊन निघून गेले. मला वाटलं, संपलं.

आप्पांनी घरी येऊन दौत मागितली. स्वतः उर्दूत कागद लिहिला, मला दाखवला नाही. भर पावसात गाडी जुंपून गंगाखेडला गेले आणि टपालात घालून आले. दसऱ्याला सतरा दिवस उरले आहेत. वर्गात मी पाढे चुकलो आणि पोरांनी सुधारले. काही कळलं तर ताबडतोब लिही. तेवढी कृपा असू दे.

शिवमूर्ती


परभणी,
आश्विन शुद्ध ८

चि. शिवमूर्तीस आशीर्वाद.

कागद साहेबांच्या मेजावर आहे. यांनी तो पाहिला, पण नातं जाहीर झालं, आता यांना तोंड उघडता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. उद्या दफ्तर बंद होईल. मी सकाळपासून दारापर्यंत किती खेपा घातल्या ते शेजारच्या कमलबाईंनी मोजलं असेल.

आप्पांनी काय लिहिलंय ते तुला सांगते. जागेवर काय आहे, तर ‘माझी पत्नी शांतम्मा. ती इथेच राहील, बाकी जमीन शाळेची.’ आणि बागेची देखभाल कोण करील, तर ‘चन्नप्पा, हयात असेपर्यंत, बिनपगारी.’ ज्यांनी जन्मात फावडं धरलं नाही ते आपले आप्पा. वाचून हे बाहेर जाऊन उभे राहिले. मी आत रडून घेतलं.

टपालवाला उभा आहे, एवढ्यावर गोड मानून घे.

अक्का


राणीसावरगाव,
माघ शुद्ध ५

चि. सौ. चन्नबसम्मा हिस चन्नप्पाचे आशीर्वाद.

चार महिने पत्र नाही म्हणून तू रागावलीस. सांगण्यासारखं होतं ते मी आणि शिवमूर्ती घरातच बोलत होतो, परभणीला कळवायचं राहून गेलं. शेवटच्या दिवशी मंजुरी झाली ते तुला आमच्याआधीच कळलं. कुंपण झालं, मोट आली. माझ्या हाताला फोड आले, ते नागुबाईने गावभर दाखवले.

मी म्हणालो होतो तसंच झालं. शिवमूर्तीचा तबादला जिंतूरला झाला. जाताना तो प्रत्येक वाफ्यापाशी थांबला, आणि ओट्यापाशी बराच वेळ. मीही थांबलो. जागा सुनी वाटते, पण मुलं येतात.

नवे मास्तर दिनकरराव माणूस बरा आहे, घाई फार. पहिल्याच आठवड्यात मिरच्यांचे वाफे पाडायला पावलं मोजत ते थेट बेलापाशी आले. मी विहिरीवर होतो. हातातली कळशी ठेवून हाक मारणार, तोच मुंजाजीची लहानी पोर आडवी उभी राहिली आणि म्हणाली, ‘मास्तर, तितं न्हाई. तितं आज्जी हाय.’ मास्तर मागे सरले, वाफे पलीकडून पाडले.

मी त्या पोरीला कधी काही सांगितलेलं नाही. शिवमूर्तीने सांगितलं होतं का, ते जिंतूरला लिहून विचार.

आता दफ्तराला बागेची सहामाही हकीकत पाठवायची आहे. पहिला रकाना तोच, जागेवर काय आहे. मी मुलांना विचारून उतरवलं. वांग्याच्या नऊ ओळी, दोन लिंबं, एक बेल, बाटलीत चार अळ्या, आणि आज्जी. त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. कल्याणरावांना म्हणावं, अक्षर बरं नाही, पण काही खोडू नका.

इकडे यायचं कर, वांगी नेशील. तुझ्यावर राग उरलेला नाही, लोभ होता तिथेच आहे.

चन्नप्पा