स्थिर हाताचा माणूस

प्रिय बारक्या,

फोन करता आला असता. पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "असू दे रे दादा" म्हणशील, मी लगेच "बरं, जेवलास का" वर येईन आणि विषय तिथेच मिटेल. तो तसा मिटायला नकोय, म्हणून लिहायला बसलोय. एकटा असताना वाच. बायकोला हवं तर नंतर दाखव.

इकडे तसं ठीक आहे. तुझ्या वहिनीने स्टुडिओची पुढची खोली रंगवून घेतली. रंग तिने निवडलाय, म्हणजे तो चांगलाच म्हणायचा. तुझी खुर्ची अजून कुरकुरते. एडिटिंगला एक मुलगी ठेवलीये. कामाला वाघ आहे, बोलते कमी, आणि मी काहीही सांगितलं की "हो सर" म्हणून तिला हवं तेच करते. थोडक्यात, तुझ्यासारखीच.

तू बाहेरचं काम धरलंस तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो की पोराला मोठ्या कंपनीचा मोह पडला. (पन्नाशीच्या माणसाला पोरगा म्हणणारा मीच.) पण तू का गेलास ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नाची फिल्म पाहायला त्यांनी आपल्याला घरी बोलावलं होतं, आठवतं ना? मुलगी गाडीत बसते आणि डॉक्टर डोळे पुसतात, तिथे अख्खी खोली रडली. डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. मग कुणीतरी म्हणालं, एडिटिंगही सुरेख झालंय. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "एडिटिंग काय हो, बटणं दाबायची. शूट नीट असलं की माकडसुद्धा जोडून देईल." सगळे हसले. हातात बशी घेऊन तूही हसलास. ते हसू मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. मी एक लग्न शूट केलं आणि या मुलीने ते जोडून दाखवलं. माझं डोकंच फिरलं. अंगठी घालताना चित्र थरथरतंय, नवरी मान वळवते तर कॅमेरा अजून तिच्या खांद्यावरच रेंगाळतोय, आणि मागे कुणीतरी धापा टाकतंय. मी तिला नको नको ते बोललो. म्हटलं, चांगल्या फुटेजचं वाटोळं केलंस. ती शांतपणे म्हणाली, "सर, मी अजून काहीच केलेलं नाही. कॅमेऱ्याच्या कार्डवर आहे तसंच लावलंय." माझा विश्वास बसेना. तिला धडा शिकवायचा म्हणून मी तुझं जुनं काम उघडायला लावलं. डॉक्टरांचंच. म्हटलं, बघ, याला म्हणतात शूटिंग.

तिने पहिल्या क्लिपवर बोट ठेवलं. "यावर थरथर काढायचा प्लग-इन लावलाय, सर." तिने तो बंद केला. चित्र थरथरायला लागलं. चालू केला, शांत झालं. दुसरी क्लिप, तेच. तिसऱ्या क्लिपचा आवाज तू साफ केला होतास. ती सफाई काढल्यावर त्या धापा ऐकू आल्या. माझ्याच होत्या. एका ठिकाणी मी पुटपुटतोय, "अरे थांब, थांब, थांब ना." हाताला सांगत होतो बहुतेक.

मग डॉक्टरांचा प्रसंग. त्यांनी डोळे पुसले ते मी टिपलंच नव्हतं, बारक्या. मला उशीर झाला होता. कार्डवर आहे तो फक्त डोळ्यांवरून खाली येणारा हात, पापणी लवावी एवढाच. त्याचा वेग तू कमी केलास. ती म्हणाली, दोन फ्रेमच्या मधल्या नसलेल्या फ्रेम प्लग-इन तयार करतो, पण इतकं मऊ करायला माणूस बसावा लागतो. एवढ्याशा उरलेल्या हातातून तू एका बापाचं रडणं उभं केलंस. ज्या दृश्यासाठी त्यांनी माझा हात हातात घेतला, ते मी शूटच केलं नव्हतं. आणि त्याच खोलीत मी तुला माकड म्हणालो.

त्या मुलीसमोर मान वर करवेना. ती बिचारी पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली. मग मी एकेक जुनं काम उघडत मागे गेलो, तुझी एकही मदत नसलेली क्लिप शोधत. बराच मागे गेल्यावर सापडली. त्यानंतर एकही नाही. एवढा काळ तू हे करत राहिलास आणि घरी, दारी, गिऱ्हाइकासमोर, कुठे चकार शब्द काढला नाहीस.

मला काहीच माहीत नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल. सकाळचा चहा मी केव्हापासून दोन्ही हातांनी धरतो. वहिनीला सांगतो, कप गरम असतो. हे अक्षर बघ, ओळीच्या शेवटी कसं बारीक होत उतरतंय. पण लग्नाची फिल्म तयार झाली की मी पडद्याकडे बघून मनाशी म्हणायचो, घरी काय व्हायचं ते होवो, कॅमेरा धरला की हात अजून दगडासारखा आहे. तू पडद्यावर माझा हात बरा करायचास आणि तो बघून मी डॉक्टरकडे जाणं टाळायचो. याचा दोष तुला देत नाही. तू भावाची लाज झाकलीस. मी त्या झाकणावर उभा राहून मिरवलो.

वहिनीला आता सगळं सांगितलंय. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "कप गरम असतो म्हणे." सोमवारी दोघं हात दाखवायला डॉक्टरकडे जातोय.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा तुझी लेक पत्रिका घेऊन आली होती. म्हणाली, "काका, माझ्या लग्नात कॅमेरा तुम्हीच धरायचा. बाबा म्हणतात, काकांसारखा स्थिर हात कुणाचा नाही." म्हणजे एवढं होऊनही तू तिला अजून हेच सांगतोस. आणि मी, सगळं कळून चुकलेला मी, छाती फुगवून "हो" म्हणालो. ते "हो" मागे घ्यायला हे लिहितोय. तिला फोन करायला गेलो, तोंड उघडेना. तू सांग. काकांना वेळ नाही असं नको, खरं कारण सांग. या वेळी माझं काही साफ करू नकोस. बाहेरचा एखादा चांगला माणूस बोलाव. लग्नात कॅमेऱ्याशिवाय मी कधी उभाच राहिलेलो नाही, हातांचं काय करायचं असतं तेही मला कळत नाही. तू मुलीचा बाप, तुला शंभर कामं असतील. तरी तेवढ्यातून जमलं तर थोडा वेळ माझ्या शेजारी उभा राहा.

तुझाच,
दादा