सोळाव्या पानावरचा हात

टोलीडो, ओहायो
गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय वेस,

सहा वर्षांत एक ओळही न लिहिलेल्या बहिणीला भावाला 'कसा आहेस' असं विचारायचा हक्क राहतो का? मला याचं उत्तर देता येत नाही. तरी विचारते. कसा आहेस? आम्ही दोघं बरे आहोत. डॅडचा डावा गुडघा थंडीत धरतो, पण अजून पहिल्या पाळीला काचकारखान्यात जातात. मफिन गेल्या वर्षी गेली. मांजरीच्या मानानं खूप जगली; झोपेतच गेली, त्रास झाला नाही.

हे पत्र तुझ्या कॉमिकच्या अंकाच्या शेवटच्या पानावर वाचकांच्या पत्रांसाठी जो पत्ता छापला आहे, त्यावर पाठवते आहे. दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. पाकीट आणखी कुणी फोडलं असेल तर त्यांना विनंती: हे छापायचं पत्र नाही. 'भट्टीपाशी' ज्यानं काढलंय, त्याच्या हातात द्या. तुमच्याकडे त्याचं नाव 'कलेट' असेल. आमच्याकडे ते वेस्ली बोडनार आहे.

मे महिन्यात मला पदवी मिळाली. बोडनारांच्या घरातली पहिली. डॅडनी ती चौकटीत घालून दारासमोरच लावली आहे आणि मीटर बघायला आलेल्या माणसालाही उभं करून वाचायला लावतात. कॉलेजात असल्यापासून मी डोलोरेसच्या कॉमिक्सच्या दुकानात काम करते आहे; शाळेत शिकवायचा परवाना मिळेपर्यंत तिथेच आहे. हो, तेच दुकान. दर बुधवारी डॅड आपल्याला न्यायचे आणि प्रत्येकी एकच निवडायला सांगायचे तेच. डोलोरेस आता सत्तरीला आली आहे, जीभ मात्र होती तशीच आहे.

मंगळवारी नवे अंक येतात, बुधवारी विकायला निघतात. मधल्या वेळात मी नेहमीच्या गिऱ्हाइकांचे खण भरते. डॅडचाही एक आहे, ते अजून दर बुधवारी येतात. प्रत्येकाचं एक कार्ड असतं, त्यावर त्याला कायमचं काय हवं ते लिहिलेलं असतं. शिवाय एक कागद काढते: 'या आठवड्यात वाचायचे पाच.' डोलोरेस पूर्वी मुखपृष्ठं बघून निवडायची. मी नियम केला की जे शेवटपर्यंत वाचलं नाही, त्याची शिफारस करायची नाही.

"बाई, ही कॉमिक्स आहेत, तुझी परीक्षा नाही," ती म्हणते. "कव्हर बघ, तीन पानं चाळ, पुढे चल."

"लोक आठवडाभर राबतात आणि एक संध्याकाळ आपल्या शब्दावर सोपवतात," मी म्हणते.

"झालं! चर्च उघडलं."

परवा एकतीस नवे होते. दुपारपर्यंत माझे चार ठरले. एक दीपगृह सांभाळणाऱ्या बाईचं. एक उडणाऱ्या वीराचं, ज्यात तो अंकभर नुसता कपडे धुतो आणि एक डाग काही केल्या जात नाही. एक दोन म्हाताऱ्या गुप्तहेरणींचं आणि एक मुलांसाठी, रागीट कासवाचं. पाचव्या जागेसाठी दोन उरले. अंतराळातल्या लढाईचं एक होतं, रंग असे की बोटाला लागतील असं वाटावं, पण शेवटच्या पानावर त्यांनी वाचकाला फसवलं होतं. दुसरं काळं-पांढरं, पातळ, कुठल्याशा लहान छापखान्याचं. दोनच प्रती. 'भट्टीपाशी, अंक पहिला. कलेट.' नाव ऐकलेलं नव्हतं.

मी उभ्याउभ्याच वाचायला लागले. तिसऱ्या पानावर भट्टी. म्हटलं, आपल्या गावात कामाला होता कुणीतरी. पाचव्या पानावर एक माणूस कामावरून येतो, फक्त डाव्या बुटाची नाडी सोडतो आणि तसाच बसून राहतो. म्हटलं, डॅडसारखाच आहे की. सहावं पान उलटलं. खिडकीच्या पडद्यावर छापलेल्या नासपती. भिंतीतली भेग झाकायला लावलेलं घड्याळ, भेग तिरकी म्हणून तेही तिरकं.

"हे आमचं आहे," मी मोठ्यानं म्हणाले.

"काय चोरलं गं कुणी?" डोलोरेसनं आतून विचारलं.

"आमचं स्वयंपाकघर."

ती बाहेर आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि एक खोकं माझ्या मागे सरकवलं. मी बसले. गंमत सांगू? माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: म्हणजे तू जिवंत आहेस. तू जिवंत नसशील असं मला वाटत होतं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

मग सगळं वाचलं. तुझी चित्रांची वही, तिच्यात ठेवलेलं चित्रशाळेचं प्रवेशाचं पत्र, डॅडनी तुझ्यासाठी कारखान्यात शब्द टाकून ठेवलेला, अंगणातलं पिंप, आणि डॅडच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत पेटलेली वही. तू पाठीवर पिशवी टाकून जातोस तिथे अंक संपतो. डॅड आहेत, तू आहेस, मफिनसुद्धा आहे. मी नाही. चोवीस पानांत माझा चेहरा कुठेच नाही. टेबलावर ताटंही दोनच.

सोळाव्या पानाचं जरा नंतर लिहिते.

त्या आठवड्यातला तो सगळ्यात चांगला अंक होता. बहीण म्हणून नाही म्हणत, एकतीस वाचून म्हणते. नियम मीच केला होता, म्हणून कागदावर पाचवं नाव 'भट्टीपाशी' लिहिलं. आणि दोन्ही प्रती काउंटरखाली, पिशव्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवल्या. अख्ख्या गावाला वाचायला सांगायचं आणि डॅडच्या खणात मात्र ठेवायचं नाही! मला त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलंही नाही. मला वाटलं, मी त्यांना जपते आहे.

काल साडेतीनला ते आले. थर्मास काउंटरवर ठेवला.

"काय पदवीधरबाई, आम्हा अडाण्यांनी या आठवड्यात काय वाचायचं?"

मी कागद दिला. ते नेहमीसारखे बोट फिरवत वाचत गेले. दीपगृह, धुणं, म्हाताऱ्या, कासव. बोट पाचव्या ओळीवर थांबलं.

"कलेट आलंय म्हणतेस. मग माझ्या खणात का नाही?"

"तुमच्या खणात?"

"कार्डावर आहे की. दोन वर्षं झाली लिहून. 'कलेट, सगळं.'"

मी कार्ड काढलं. वेस, त्यावर खरंच तसं लिहिलं होतं, पेन्सिलीनं, डॅडच्या तिरक्या अक्षरात. मी ते दोन वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि मनाशी दुरुस्त केलं होतं: 'कलेक्टेड, सगळं'. पाच-सहा अंक एकत्र बांधून जी जाड पुस्तकं निघतात, त्यांना आम्ही दुकानात कलेक्टेड म्हणतो. म्हटलं, डॅडनी घाईत शब्द अर्धा सोडला. तेव्हापासून दर महिन्याला एक जाडजूड पुस्तक त्यांच्या खणात घालत आले. ते मुकाट्यानं घरी नेत आले. कपाटात एक फळी भरली आहे.

"हे कलेक्टेड नाही?" मी विचारलं.

"चार वर्षं तिथे वाचायलाच शिकवत होते ना गं तुला?" डोलोरेस खिदळली.

"कलेट," डॅड म्हणाले. "फुटकी काच. नव्या वाळूबरोबर भट्टीत टाकतो आम्ही. तिच्यामुळे माल लवकर वितळतो." मग आज बर्फ पडणार असं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "माझ्या पोराचं नाव आहे ते."

डोलोरेसचं हसू तिथेच राहिलं. "मागे काहीतरी पडलं वाटतं," असं म्हणून ती आत गेली. मागे काहीही पडलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी अंकात तुझी दोन पानांची गोष्ट आली होती. मी ती वाचलीही असेन. डॅडनी तुला ओळखलं ते हातमोज्यांवरून. "उजवा मनगटावर दुमडलेला होता," ते म्हणाले. "भट्टीसमोर जो उभा राहिला नाही त्याला ते सुचत नाही. आणि दुमडायला मीच शिकवलं होतं त्याला, सुटीत कारखान्यात माझ्याबरोबर यायचा त्या दोन उन्हाळ्यांत."

"मग मला का नाही विचारलंत?"

"काय विचारू? मी त्याचं मागत होतो, तू दर महिन्याला भलतंच देत होतीस. म्हटलं, तुमचं दोघांचं बोलणं असणार. त्यानंच सांगितलं असेल, म्हाताऱ्याला देऊ नकोस. ते बरोबरच आहे. एकदा जाळलंय मी. पुन्हा मागायचं कोणत्या तोंडानं?"

दोन वर्षं, वेस. दर महिन्याला माझ्या हातून ते पुस्तक घेताना त्यांना वाटत होतं की मी त्यांना शिक्षा देते आहे. आणि ते 'थँक्यू बेटा' म्हणत होते.

"पण एक सांगतो," ते म्हणाले. "वही जाळली ही माझी चूक. शंभरदा माझी. पण त्यानं तोंडानं सांगायला हवं होतं. टेबलावर माझ्या जागेसमोर, ते पत्र वर करून, वही उघडी ठेवून निघून गेला. बापाशी बोलायचीही गरज नाही! थोबाडीत बसल्यासारखं झालं मला. अजून होतं." आणि हात पुढे केला. "आण. बघू दे काय काढलंय."

आता सोळावं पान.

एकच चौकट, पानभर. शब्द एकही नाही. टेबल, उघडी वही, वर पत्र, आणि वहीवरून मागे सरकणारा एक हात. नखं कुरतडलेली. मनगटावर काळं रबर. अंगठ्याच्या मुळाशी इस्त्रीचा चटका, चंद्रकोरीसारखा. तो चटका माझ्या हातावर आता फिका झाला आहे, पण आहे.

तुला पहिल्यापासून माहीत होतं. तू दारात होतास का? की नंतर जिन्यावर माझ्याकडे बघून कळलं? तू जाताना मला फक्त 'मफिनला पाणी दे' म्हणालास. मी सहा वर्षं त्या वाक्यावर जगले, की याला काही ठाऊक नाही.

मी कधीकधी स्वतःला सांगते की मला तुझा अभिमान वाटत होता, डॅडनी ती चित्रं बघावीत म्हणून मी वही ठेवली. मागच्या वर्षी एका मैत्रिणीला असंच सांगितलं, आणि सांगताना माझे डोळेही भरून आले. ते खोटं आहे. मी सतरा वर्षांची होते. आई गेल्यापासून मला पक्कं वाटत होतं की या घरातून एकालाच निघता येईल. कुणीतरी डॅडजवळ राहिलंच पाहिजे. मला वाटलं, ते पत्र बघतील, चिडतील, नाही म्हणतील, तू राहशील, मग माझी पाळी येईल. वही पेटेल असं मनातही आलं नव्हतं. पिंप पेटलं तेव्हा मी वर खिडकीत होते. खाली येऊन 'मी ठेवली' असं म्हणायला सात पायऱ्या होत्या.

आणि माझी पाळी आलीच. दारासमोरच्या चौकटीतली ती पदवी तुझ्या जागेवर उभी आहे.

काल काउंटरखालून अंक काढला तेव्हा मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. डॅड भट्टीचे हातमोजे ओळखतात, पण माझा हात त्यांनी कधी निरखून पाहिलेला नाही. तू काढलेला हात लहान आहे, सडपातळ आहे, एकोणीस वर्षांच्या मुलाचाही असू शकतो. ते पान त्यांनी तुझाच हात समजून उलटलं असतं. त्यांच्या मनातली ती थोबाडीत आणखी पक्की झाली असती, तुझ्याच चित्रानं. तू माझं नाव घेतलं नाहीस. गप्प राहायचं की बोलायचं, ते माझ्यावर सोडलंस. ही दया होती की परीक्षा, कोण जाणे.

अंक मी हातातच धरून ठेवला.

"डॅड, वही वेसनं नव्हती ठेवली. मी ठेवली. मुद्दाम. त्यानं जाऊ नये म्हणून."

ते थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत राहिले, ते घट्टच होतं.

"त्याला माहीत आहे?"

"हो. सोळाव्या पानावर आहे."

"आणि मी सहा वर्षं त्या पोराला..." वाक्य त्यांनी तिथेच टाकलं. माझ्या हातून अंक काढून घेतला, कोटाच्या आत छातीशी धरला आणि गेले. थर्मास काउंटरवर राहिला. डोलोरेस बाहेर आली. "निभावलं होतं ना सहा वर्षं," ती म्हणाली, "काय गरज होती गं?"

आज सकाळी डॅड माझ्याशी बोललेले नाहीत. ते किती दिवस बोलणार नाहीत, तू या पत्राला उत्तर देशील की नाही, दुसऱ्या अंकात माझा चेहरा येईल की नाही, यातलं काही माझ्या हातात नाही, आणि मी मागतही नाही. तुला फक्त इतकं कळायला हवं, म्हणून लिहिलं: वही कुणी ठेवली हे त्यांना आता माहीत आहे, आणि ते त्यांना माझ्या तोंडून कळलं, तुझा अंक उघडण्याआधी.

तुझी बहीण,
कोरीन