दारूतला सोरा

सर, तुम्ही गेलात तेव्हा मला काडीचंही वाईट वाटलं नाही, आणि हे तुम्हाला कळावं अशी माझी फार इच्छा आहे. भोसरीतल्या त्या पत्र्याच्या वर्गात, नववीत असताना, मी तुम्हाला विचारलं होतं, "सर, सुतळी बॉम्ब एवढा घट्ट गुंडाळलेला असतो, आत हवा जात नाही, मग दारू जळते कशी?" तुम्ही खडू खाली ठेवलात. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "दारूचं होय? ते तुझ्या बापाला विचार, तो रोज पेटलेलाच असतो." वर्ग खो खो हसला, पोरांनी बेंच बडवले. माझा बाप फाउंड्रीतली शिफ्ट संपली की पिऊन घरी यायचा, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. तुम्ही नवीन काय सांगितलंत? पण फटाक्याच्या दारूवरून तुम्ही बाटलीच्या दारूवर उडी मारलीत, आणि त्या हशात माझा प्रश्न गेला तो गेलाच.

आता मी ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तुमच्या हातात छडी नाही, तेव्हा उत्तर ऐका. दारूत कोळसा आणि गंधक जळतात, पण त्यांना बाहेरची हवा लागतच नाही, कारण सोबत सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट असतं. तापला की तो स्वतःतला ऑक्सिजन सोडतो. मोकळ्या कागदावर तीच दारू नुसती भस्सकन जळून जाते. सुतळीनं आवळली की आतल्या गरम वायूला जागा उरत नाही, दाब वाढत जातो आणि मग कानठळ्या बसतात. चार वाक्यं, सर! तुम्हाला ती येत नव्हती. येत असती तर तुम्हाला माझा बाप लागला नसता.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेनं मला फटाक्यांच्या रसायनावर बोलायला बोलावलं. स्टेजवर तुमचा हार घातलेला फोटो, पुढच्या रांगेत तुमचा मुलगा. मनात म्हटलं, आता सापडलात. माईकवरून तुमची लक्तरं वेशीला टांगायची, शब्द न् शब्द सांगायचा, असं ठरवूनच गेले होते. पण इस्त्रीचा शर्ट घालून अण्णा, म्हणजे तोच माझा बाप, माझ्याबरोबर आले होते. पिणं सोडून त्यांना कित्येक वर्षं झाली. तुमच्या मुलाचा हात धरून ते म्हणत होते, "तुमच्या वडलांमुळं शिकली बगा माजी पोरगी." हे ते सगळ्यांना सांगतात. मी कधी खोडलं नाही. खोडायचं तर त्यांना बाकीचंही सांगावं लागलं असतं.

सोरा, गंधक, हिरवा रंग देणारं बेरियम, सगळं सांगून झालं. मग म्हटलं, "हा प्रश्न मी याच शाळेत विचारला होता. सरांना उत्तर आलं नव्हतं." मुलं हसली. तुमच्या मुलाचा चेहरा पडला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हवं होतं त्याच्या पावभरही मिळालं नाही. परतताना स्कूटीवर मागून अण्णांनी विचारलं, "मंग सर काय म्हनले तुला?"

"म्हणाले, उद्या सांगतो."

"बग! मानूस खरा व्हता. येत न्हाई ते कबूल केलं."

माझ्या तोंडानं तुम्ही चांगले ठरलात, सर. असा जळफळाट झाला माझा!

हे पत्र तुमच्या मुलाच्या पत्त्यावर टाकणार होते, तिकीटसुद्धा लावलं. टाकत नाही. तो वाचेल, माफी मागायला म्हणून घरी येईल आणि अण्णांसमोर सगळं बोलून बसेल. आणि मग अण्णा मला एवढंच विचारतील, "तवा तू काय केलं?"

त्या दिवशी मीही हसले होते, सर. सगळ्यांबरोबर, मोठ्यानं.