बिनसांध्याचं घर

३ तारीख, सोमवार

दुपारी सुखरूप पोचलो. हत्यारांची पेटी वाटेत एकदाही कलंडली नाही, कारण ती कशी ठेवायची हे गाडीवानाला मी निघतानाच तीनदा बजावलं होतं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, काका, मांडीवरच घेऊन बसतो, अंगाईही म्हणतो. आमची ही एवढी हसली, की पुढचा सगळा घाट दोघांनी मिळून माझी टर उडवली. उडवू देत. पेटी नीट आली.

मुक्काम दिवेवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. मोठी खोली अकरा फूट बाय नऊ, पूर्वेचा कोपरा गुण्यात नाही, काटकोन चुकला आहे. दिवेवाला मांत्रिकांकडून भारून आणलेले दिवे विकतो. तेल नाही, वात नाही, सहा महिने उजेड. हिला फार कौतुक वाटलं. मी दिवा उचलून बघितला, बैठक तिरकी होती. तसं सांगितलं. दिवेवाल्याचा चेहरा पडला, पण खरं ते खरं.

काम अखंडा देवीच्या घरातलं. इथे देऊळ म्हणत नाहीत, घरच म्हणतात. सात दारं दगडाने बुजवून आतून गिलावा करायचा. मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. कारागीर संघाने माझा अर्ज तीनदा परत पाठवला, कारण ‘गुरूचे नाव’ या रकान्यात मी रेघ ओढतो. आणि इथून पत्र आलं ते असं: ज्याच्या कामात सांधा सापडत नाही असा एकच गवंडी आम्हाला ठाऊक आहे. पत्र जपून ठेवलं आहे.

लेकीकडे जाणारी बावीस तारखेची नाव मात्र गाठायचीच. तिचे दिवस भरत आलेत, पहिलीच खेप. हिला मी शब्द दिला आहे.

४ तारीख, मंगळवार

घर पाहिलं. एकच गोल दालन, एकही खिडकी नाही, भिंत साडेतीन फूट जाडीची. वर घुमट, त्यात कुठेही झरोका नाही. उजेड सगळा भारलेल्या दिव्यांचा. सात दारं समान अंतरावर. बांधणारा माणूस जाणता होता.

मधोमध देवी. मूर्ती नव्हे. डोळे नाहीत, तोंड नाही, हात नाहीत. माझ्या खांद्याएवढा गुळगुळीत काळा दगड. सवयीने दोरी लावली: घेर सहा हात दोन बोटं. दगड कोमट लागला. उन्हाने म्हणावं तर आत ऊन येत नाही.

घराची व्यवस्था थोरल्या बाई बघतात. साठीच्या, बोलायला फार गोड. दारावर एक तलवारबाज. त्याच्या शिरस्त्राणाची डोळ्यांपुढची फट शिसं ओतून बंद केली आहे, आणि तलवार म्यानातच डाक देऊन कायमची जोडून टाकली आहे. तरी तो कुठे धडपडत नाही. मी पाणी मागितलं तर पेला अचूक माझ्या हातात दिला.

दिवेवाल्याने संध्याकाळी हकिगत सांगितली. वीस वर्षांपूर्वी चौघं जण देवीला मारायला आले होते: तलवारबाज, तिरंदाज, मांत्रिक आणि एक वैद्यीण. इनाम लागलं होतं म्हणे, कारण गावंच्या गावं दारं बुजवून आत बसायला लागली होती. चौघं आत गेले आणि राहिलेच. त्यांतली वैद्यीण म्हणजेच थोरल्या बाई, आणि तलवारबाज तो हाच दारावरचा. बाकी दोघांचं काय झालं विचारलं, तर म्हणाला, ते आत आहेत. आत तर मला कुणी दिसलं नाही.

हिला आत यायला मनाई आहे. कारण काय, तर कान टोचलेले आहेत. ही म्हणाली, बरंच झालं, तुमचा माल कालवून कालवून माझे हात चिरले होते.

६ तारीख, गुरुवार

दोन दारं झाली. थोरल्या बाईंनी डोळे मिटून भिंतीवरून तळवा फिरवला. मग गाल लावला. पहिलं दार कुठे होतं ते त्यांना सापडेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, मिस्त्री, आम्ही वीस वर्षं वाट पाहिली. संघातल्या एकाही शहाण्याने माझ्या भिंतीवर असा हात फिरवलेला नाही.

एकच अट त्या पुन्हा पुन्हा सांगतात: घोटलेली बाजू आत हवी, देवीकडे. बाहेर सांधा दिसला तरी चालेल. मला बाहेरची बाजू तशी ओबडधोबड सोडणं जिवावर येतं, पण घर त्यांचं.

इथल्या माणसांना उघडी वस्तू सोसत नाही. माझ्या पेटीचं झाकण बाईंनी दिवसात चार वेळा लावलं. कपडे अंगावरच शिवून टाकलेले, गुंडी नाही की काज नाही. हे हिला सांगितलं तर ती म्हणाली, अहो, मग काढतात कसे? हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

९ तारीख, रविवार

सुट्टी. बसून काय करायचं म्हणून खोलीची डागडुजी केली. फरशीच्या भेगा भरल्या, खिडकीची चौकट हलत होती ती पक्की केली. आता खिडकी उघडत नाही, पण वाराही शिरत नाही.

हिचं आणि माझं थोडं वाजलं. मी कुलपाचं भोकही भरलं असं ती म्हणते. भरलं आहे खरं. काम चोख आहे. शिवाय तिची फणी. दातांमधल्या फटी चुन्याने भरून, घोटून, फणीची सपाट पट्टी झाली आहे. ही आधी हसली, मग पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली. तिने विचारलं, हे कधी केलंत? मी म्हटलं, मघाशी. खरं म्हणजे मला आठवत नाही. पण हात माझाच आहे, तो ओळखू येतो.

११ तारीख, मंगळवार

पाच दारं झाली.

आज तलवारबाज पहिल्यांदा बोलला. बाई पलीकडे होत्या. मी थापी धूत होतो, तो शेजारी येऊन उभा राहिला आणि शिशाआडून, विहिरीतून यावा तशा आवाजात म्हणाला, मिस्त्री, शेवटचं दार बाहेर उभं राहून लावा. मी म्हटलं, दादा, आत गिलावा कोण करणार? तो म्हणाला, नका करू. मी जरा फटकारलंच त्याला. गिलाव्याशिवाय भिंत म्हणजे काय भिंत? त्याने म्यानावरून हात फिरवला. मग म्हणाला, मीही असंच म्हटलं होतं, तलवारीबद्दल.

१२ तारीख, बुधवार

तलवारबाज नाही. दारावर कुणीच नाही. थोरल्या बाईंना विचारलं, तर हसून म्हणाल्या, तो आता वेगळा राहिला नाही.

दोरी लावली. घेर सहा हात सहा बोटं. दोरी पाण्यात भिजवून, वाळवून पुन्हा लावली. सहा हात सहा बोटं.

सहावं दार संध्याकाळपर्यंत पुरं केलं. घाईत केलं, तरी काम उत्तम.

१३ तारीख, गुरुवार

हे लिहायला नको वाटतं, पण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही हा माझा नियम.

दुपारी ही जेवून आडवी झाली होती. मी जागा झालो— जागा झालो असंच म्हटलं पाहिजे— तेव्हा मी तिच्या उशाशी बसलो होतो. बोटाच्या टोकावर मऊ चुना होता. तिचा डावा कान लिंपून झाला होता. ती किंचाळून उठली. आम्ही पाण्याने धुतलं, सुईने टोकरून बघितलं. चुना निघाला, पण खाली भोक नाही. नुसती कातडी. लहानपणापासूनचं भोक, आणि खूणसुद्धा नाही.

मला भीती वाटली. त्याआधी, क्षणभर, काम किती छान झालंय असं वाटलं. हे हिला सांगितलेलं नाही.

ही म्हणते, आत्ताच्या आत्ता निघायचं. तुमचा संघ, तुमची ती पत्रं आणि तुमची भिंत घाला चुलीत. लेक तिकडे वाट बघतेय आणि तुम्ही इथे माझे कान लिंपताय. मी म्हटलं, एकच दार राहिलंय, परवा लावतो आणि निघू. अर्धवट काम टाकून मी आजवर कुठून गेलेलो नाही. ती म्हणाली, मग बाहेर उभं राहून लावा, आत पाऊल टाकायचं नाही, माझी शपथ. तलवारबाजाचं बोलणं मी तिला सांगितलं नव्हतं.

शपथ घेतली.

१५ तारीख, शनिवार

शांतपणे, क्रमाने लिहितो.

सकाळी बाहेर उभं राहूनच सुरुवात केली. शपथेला जागलो. दगडाचे थर छातीपर्यंत आणले, मग डोक्यापर्यंत. वर एक माणूस सरपटत जाईल एवढी जागा उरली. त्यातून आत डोकावलो. आतल्या बाजूला माल थरांतून बाहेर फुगून आला होता, ओघळ आले होते. सहा दारं आरशासारखी आणि सातवं असं. म्हटलं, आत उतरून एक हात फिरवतो आणि त्याच जागेतून परत येतो. पाव तासाचं काम.

उतरलो. हात फिरवला. चांगलं झालं. वरची ती जागा तेवढी डोळ्यांत खुपत होती.

ती जागा आता नाही.

दगड मी बसवले असणार. बोटांना ओला चुना आहे. मला फक्त शेवटचा हात घोटलेला आठवतो, आणि किती बरं वाटलं ते.

१६ तारीख, बहुतेक रविवार

सांधा सापडत नाही.

नखाने, थापीच्या कडेने, जिभेने. दालनाला अकरा फेऱ्या मारल्या. भारलेल्या दिव्यांमुळे सावलीसुद्धा कुठे पडत नाही. सातवं दार कुठलं, पहिलं कुठलं, काही कळत नाही. मीच केलंय हे. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर खोट सापडली असती.

हातोड्याने एका जागी फोडायला घेतलं. चार घाव घातले. पाचवा घालायचा तर खाली चार घावांची जागा भरलेली. हातोडा डाव्या हातात होता. उजव्यात थापी.

थोरल्या बाईही आतच राहिल्या, देवीला टेकून बसल्या आहेत. त्यांना म्हटलं, बाई, मला जाऊ द्या, माझी मुलगी बाळंत होणार आहे. त्यांनी मान वर केली. नाकाखाली काही नाही. ओठ नाहीत, ओठांची रेघही नाही. हनुवटीपर्यंत सपाट.

डोळे मात्र हसत होते.

तारीख माहीत नाही

बाई नाहीत.

सात हात एक बोट.

भूक लागत नाही. तहानही नाही. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं चिकटली आहेत. ओढून बघितली. मध्ये फट नाहीच.

दगडाजवळ गेलं की बरं वाटतं. म्हणून जात नाही. पाठ भिंतीला लावून बसतो आणि मोठ्याने बोलतो. लेकीचं नाव घेतो. तोंड चालू ठेवायचं. बंद राहिलं तर—

नंतर

ठोके!

बाहेरून. तीन घाव आणि एक दम. ही आहे. दगड फोडताना ती अशीच श्वास घेते, तीस वर्षं ऐकतोय. बाहेर गिलावा नाही, सांधा उघडा आहे. तिला दार दिसतंय!

भिंतीला कान लावला. तिच्याबरोबर दिवेवाला आहे. त्याला ती ओरडतेय, पहार नीट धर रे, झोपलास का. मी हसलो. मग रडलो. ओरडलो, इथे आहे, इथे आहे. तिने ऐकलं. म्हणाली, अहो, पत्र आलंय, लेकीला मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत, आता बाहेर या तेवढे.

मुलगी.

मी बाहेर येणार. पहिलीच नात—

नंतर

गिलाव्याची ढपली पडली. भोक पडलं. नाण्याएवढं. ऊन आत आलं, सरळ माझ्या गुडघ्यावर.

हे घर किती सुंदर होतं त्याआधी.

नंतर

गिलाव्यासाठी आत आणून ठेवलेला चुना कालवला आहे. मी नको म्हणत होतो आणि कालवत होतो. आता तो जरा मुरू द्यावा लागतो, तेवढा वेळ आहे. तेवढ्यात ठरवायचं. थापी दालनाच्या पलीकडे भिरकावली. हातानेही लिंपता येतं, हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच—

तिला ओरडून सांगितलं, पळ. फोडू नकोस, इथून जा, नातीकडे जा. ती म्हणते, वेड लागलंय का, आता हातभर राहिलंय.

भोक आता मुठीएवढं. तिने हात आत घातला आहे. चाचपडतेय. म्हणते, अहो, हात द्या. धरा माझा हात.

धरायचा आहे. माझ्या हातात माल आहे.

मुरला.

मागे घे म्हटलं. तीनदा म्हटलं. नीट म्हणता येत नाही, ओठ उघडायला जोर लागतो. तिला वाटतंय मी रडतोय. घे ना ग मागे. मी थांबणार नाही, मला थांबता— बोटं हलवू नकोस तरी. हललीस तर तडा जाईल. तुझ्या बोटांच्या कडेकडेने अलगद फिरवून घेतलं तर तुला लागणारही नाही, फक्त