तिसरी चिठ्ठी

यिशुन, मंगळवार, संध्याकाळ

आजचा खर्च: नारळ एक, दीड डॉलर. दोन कॉलेजांची माहितीपत्रके, छपाईचे चार डॉलर. मुक्ताचा पदवीनंतरचा मेडिकलचा प्रवेश यंदा हुकला, म्हणून आधी त्याच्या तयारीचे मास्टर्स करायचे. पण कुठले?

दोन्ही तीनदा वाचली. एका वर्षाचे ते महाग, दोन वर्षांचे ते स्वस्त. पण पुढे मेडिकलची जागा नक्की का, ते कुणीच लिहीत नाही! मग एवढी फी कशाची? शेवटी दोन चिठ्ठ्या करून गणपतीपुढे ठेवल्या आणि मुक्ताला म्हटले, उचल.

तिने हात लावला नाही. "आई, तिसरी कुठेय? नोकरी करून पुढच्या वर्षी परत अर्ज करायचा, ती?"

"देवाच्या कामात फाटे फोडू नकोस."

"फाटे नाहीत गं. देवाला तू दोनच पर्याय दिलेस."

असा राग आला! खरे बोलली म्हणूनच आला का? तिसरीसाठी कागद फाडला, पण लिहायला हात धजेना.

ह्यांना जहाजावर आत्ताच लिहून धाडले: तिसरी चिठ्ठी ठेवू का? तोवर एकही उघडत नाही. वाचताच उलट कळवा.