केळं घातलेला शिरा

शुक्रवार, पौर्णिमा. तुलसी नगर

आज मी सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला. भरल्या घरात. आणि पूजा कशासाठी, तर माझ्याच तब्येतीसाठी सासूबाईंनी घातलेली!

शिऱ्यात केळं होतं. उद्या सकाळपासून दिवसभराची लघवी डब्यात जमवायची आहे. आतड्यात क्वचित होणारी एक गाठ असते, ती रक्तात कसलंसं रसायन सोडते आणि ते लघवीत सापडतं; मला तीच आहे का, ते बघायचंय. पण आधी केळं खाल्लं तर निकाल चुकीचा येतो. साकेत नगरच्या डॉक्टरबाईंनी पुन्हापुन्हा बजावलंय. चेहरा लाल होतो तेव्हाच पोटही बिघडतं का, हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. बाकीच्यांनी ‘पाळी जायचं वय’ म्हणून वाटेला लावलं. आजही आरतीत चेहरा पेटला, तर शेजारीण म्हणते, “भाभी, क्या नूर आया है!” नूर कसला डोंबलाचा!

सासूबाईंनी द्रोण पुढे केला. मी हात मागे घेतला. “उद्या तपासणी आहे, आई. केळं चालत नाही.”

“देवाच्या केळ्यानं काय होतंय? आत्ताच कथेत ऐकलंस ना, प्रसाद टाकला की नौका बुडते.”

सगळे बघत होते. घाबरले का मी? हो, थोडी. तरी बोललेच, “माझी नौका आधीच बुडतेय, आई. भोक कुठे आहे तेवढं बघू द्या.”

द्रोण फ्रिजमध्ये झाकून ठेवलाय. देव थांबेल तेवढा. डबा लॅबमध्ये दिला की सगळा खाईन. शिळा तर शिळा, केळ्यासकट.